जॉन मॅकगॅहर्न यांचं 'मेमॉयर' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पुस्तकाविषयी लिहायला लागल्यापासून काही प्रश्न फिरून फिरून येतात. काही अगदी प्राथमिक असतात, तर काही पुस्तक दोनदा वाचलेल्यांचे. सगळे एका जागी ठेवले आहेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पुढे काय होतं ते आधी कळू नये असं वाटणाऱ्यांनी प्रश्न ७ सोडून द्यावा. खरं तर या पुस्तकात लपवण्यासारखं काही नाही. आई जाणार हे पहिल्या काही पानांतच कळतं.

१. हे नेमकं कोणतं पुस्तक आणि कुणाचं?

जॉन मॅकगॅहर्न (१९३४–२००६) हे आयर्लंडचे कादंबरीकार आणि कथाकार. आयुष्यभरात त्यांनी सहा कादंबऱ्या आणि काही कथासंग्रह लिहिले. हे आत्मकथन सर्वांत शेवटी, २००५ मध्ये आलं आणि मार्च २००६ मध्ये ते कॅन्सरने गेले. पुस्तकाचा बहुतेक भाग १९३० आणि ४० च्या दशकांतल्या बालपणाचा आहे. वायव्य आयर्लंडमधलं खेडं, शाळामास्तरीण आई, पोलीस सार्जंट बाप आणि सात भावंडं. थोरला मुलगा म्हणजे लेखक. घरात त्याला शॉन म्हणत, म्हणून मुलाविषयी लिहिताना मीही इथे शॉनच म्हणणार आहे.

२. दुकानात दोन वेगवेगळी नावं दिसतात. दोन पुस्तकं आहेत का?

नाही, एकच आहे. ब्रिटन-आयर्लंडमध्ये ते 'मेमॉयर' म्हणून निघालं आणि अमेरिकेत 'ऑल विल बी वेल' या नावाने. दोन्ही विकत घेऊ नका.

३. लीट्रिम कुठे येतं? आणि मधेच रोसकॉमन कुठून आलं?

दोन्ही शेजारशेजारचे परगणे, शॅनन नदीच्या वरच्या अंगाला. आईची नोकरी आणि घर लीट्रिममध्ये, बॅलिनामोर गावाच्या आसपास, शेवटी ऑगाविलन इथे. बापाचं पोलीस ठाणं कूटहॉलला आणि ते रोसकॉमनमध्ये. मध्ये अंतर वीसेक मैलांचं. पुस्तकभर मुलं या दोन ठिकाणांमध्ये हेलपाटतात, त्यामुळे नकाशा एकदा डोळ्यांखालून घातलेला बरा.

लीट्रिमची जमीन हलकी आणि चिकणमातीची. पाणी मुरत नाही, वर साचून राहतं. छोटी छोटी तळी, उंच कुंपणांच्या झुडपांमधून जाणारे अरुंद रस्ते आणि एवढीएवढीशी शेतं. दुष्काळ आणि परदेशी जाणं यांनी हा परगणा पार रिकामा केला. १८४१ च्या जनगणनेत इथे दीड लाखाहून जास्त माणसं होती, १९९६ मध्ये पंचवीस हजारांच्या थोडी वर. पण लेखकाला याच नापीक जमिनीचं अप्रूप आहे. यंत्रं चालवण्याजोगी मोठी शेतंच नसल्यामुळे जुनी कुंपणं टिकली, रस्ते टिकले, असं तो म्हणतो. आपण लहानपणी चालत होतो तो रस्ता म्हातारपणी तसाच सापडणं हे फार थोड्यांच्या नशिबी असतं.

४. बाप पोलीस, आई शिक्षिका. दोन सरकारी पगार असताना हालअपेष्टा कसल्या?

हा प्रश्न रास्त आहे आणि पुस्तकाची किल्ली इथेच आहे. हे घर गरीब नव्हतं. त्या काळातल्या लीट्रिममध्ये महिन्याला ठरलेली रक्कम हातात येणारी घरं मोजकी होती आणि इथे तर दोन पगार येत. यात आणखी एक बारकावा आहे. आयर्लंडमध्ये १९३४ पासून नव्याने शिक्षिका झालेल्या बाईला लग्न केलं की नोकरी सोडावी लागे, हा नियम १९५८ पर्यंत टिकला. आई त्याआधीच शिक्षिका झालेली होती, म्हणून सात मुलं होऊनही तिची नोकरी राहिली.

तेव्हा हाल झाले ते पैशाअभावी नव्हे. बापाकडे पैसा होता पण त्याच्या हातून तो सुटत नसे. बूट, कपडे, खाणं, प्रत्येक गोष्टीवर वाद आणि हिशेब. आई गेल्यावर मुलं ठाण्यात राहायला आली तेव्हा बटाट्याच्या शेतात आणि दलदलीत पीट काढायला त्यांनाच जुंपलं गेलं. पीट म्हणजे दलदलीतून विटांसारखं कापून, वाळवून चुलीत घालायचं जळण. महायुद्धाच्या वर्षांत आयर्लंड तटस्थ होता, तरी टंचाई होतीच. चहा तर एका टप्प्यावर माणशी आठवड्याला अर्धा औंस मिळे. बापाने त्या दिवसांत मुलांच्या मेहनतीवर घरचं पीट आणि बटाटे भरपूर साठवले. काम चुकलं की मार, आणि कधी कधी काम नीट झालं तरी मार.

५. आई-वडील वेगळे का राहत होते? नवरा-बायकोचं पटत नव्हतं का?

वरवरचं कारण नोकरी. सार्जंटला ठाण्यातच राहावं लागे आणि आईची शाळा दुसरीकडे. सुट्ट्यांमध्ये आई मुलांना घेऊन कूटहॉलला जाई. एरवी बाप अधूनमधून लीट्रिमला येई, रात्र काढून परत जाई. आईने नोकरी सोडून ठाण्यात यावं असा त्याचा आग्रह होता आणि तिने तो मानला नाही. ही मऊ स्वभावाची, कुणाशी आवाज न चढवणारी बाई याच एका गोष्टीवर अडून बसली होती. मुलांच्या वाट्याला जी काही सुखाची वर्षं आली ती या हट्टामुळे आली, असं मला वाचताना वाटत राहतं. लेखक मात्र ते एवढ्या ठसठशीतपणे कुठे म्हणत नाही.

६. बाप एवढा क्रूर का होता? पुस्तकात उत्तर मिळतं का?

नाही मिळत. आणि ते न मिळणं ही या पुस्तकातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट आहे.

जे कळतं ते असं. आईने एकट्याच्या जिवावर वाढवलेला एकुलता एक मुलगा. ब्रिटिशांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात तो आयआरए या आयरिश बंडखोर सेनेकडून लढला. १९२२ मध्ये नवं पोलीस दल उभं राहिलं तेव्हा सुरुवातीच्या भरतीत आत शिरला आणि तरुण वयात सार्जंट झाला. देखणा होता, गणवेशावर फार जीव, बटणं झळझळीत. लढाईबद्दल आणि स्वतःच्या आईबद्दल त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. बाहेरच्यांपुढे गोड आणि घरात कधी फुटेल याचा नेम नाही. मारून झालं की त्याला स्वतःचीच कीव येई. पत्रांतून तो रडतो, देवाचं नाव घेतो, आपण किती सोसतो ते सांगतो.

लेखक त्याला प्रत्येक बाजूने पाहतो आणि शेवटी म्हणतो की हा माणूस मला कळला नाही. बापाचं बालपण पुढे करून त्याला माफ करणं सोपं होतं. त्याला राक्षस ठरवणं तर त्याहून सोपं होतं. मॅकगॅहर्न दोन्ही टाळतात.

हसायची जागाही बापाच्या ठाण्यातच सापडते. कूटहॉलसारख्या गावात गुन्हे घडत नसत, पण गस्त घातल्याची नोंद रोज व्हावी लागे. बाहेर पाऊस कोसळत असताना शिपाई आत शेकोटीपाशी बसून न घातलेल्या गस्तीचा वृत्तांत वहीत रचत. कुठल्या रस्त्याने गेलो, कोण भेटलं, हवा कशी होती. कादंबरीकाराला कल्पित लेखनाचे पहिले धडे तिथेच मिळाले असं म्हणायला हरकत नाही.

७. लॉरीचा प्रसंग काय आहे? सगळे त्याबद्दलच बोलतात.

आईला स्तनाचा कॅन्सर झाला. एकदा शस्त्रक्रिया झाली, ती बरी होऊन शाळेतही जायला लागली आणि मग आजार उलटला. १९४४ च्या जूनमध्ये ती ऑगाविलनच्या घरात अंथरुणाला खिळलेली होती. बाप त्या शेवटच्या दिवसांत तिच्याकडे फिरकला नाही. त्याने एक लॉरी पाठवली. मुलं आणि घरातलं सामान कूटहॉलला हलवायचं होतं, कारण ती गेल्यावर हे घर सोडायचंच होतं.

मुलं एकेक करून वर जाऊन तिचा निरोप घेतात. शॉनला पाय निघत नाही. खाली माणसं सामान काढत असतात. लोखंडी खाटा सुट्या कराव्या लागतात आणि सांधे गंजलेले असल्यामुळे निघत नाहीत. मग त्यांच्यावर हातोड्याचे घाव घालायला लागतात. वर मरणाच्या दारात पडलेल्या आईच्या कानावर ते घाव पडत असतात. आपला संसार मोडतानाचा आवाज ती ऐकते आहे, हे पोरालाही कळतं. लॉरी निघून जाते, घरात तिच्या खोलीपुरतं सामान उरतं आणि काही दिवसांत ती जाते.

मुलांना अंत्यविधीला नेलं नाही. शॉन नऊ वर्षांचा होता. मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) किती वाजता आणि दफन किती वाजता हे त्याला ठाऊक होतं. त्याने एक घड्याळ घेतलं, ठाण्यामागच्या झाडीत जाऊन बसला आणि काट्यांवर नजर ठेवून वीस मैलांवरची अंत्ययात्रा मनातल्या मनात चालला. आता चर्चमध्ये असतील, आता बाहेर काढलं असेल, आता माती.

या प्रसंगात लेखक एकही मोठा शब्द वापरत नाही. खाटा, गंज, हातोडा, घड्याळ एवढंच.

८. नऊ वर्षांच्या मुलाला इतकं बारीक कसं आठवतं? यात किती रचलेलं असेल?

लेखकाजवळ आठवणीशिवाय आणखी एक साधन होतं. आई-वडील वेगळे राहत असल्यामुळे त्यांच्यात पत्रव्यवहार झाला आणि त्यातली पत्रं पुस्तकात जशीच्या तशी येतात. बाप वाईट होता असं मुलगा म्हणतो तेव्हा आपण शंका घेऊ शकतो. पण मरायला टेकलेल्या बायकोला नवऱ्याने लिहिलेलं पत्र समोर आल्यावर मुलाच्या शब्दाची गरज उरत नाही. ज्यांना आत्मकथनांवर विश्वास ठेवणं जड जातं त्यांनी ही पत्रं आधी वाचावीत.

रस्त्यांची वर्णनं मात्र आठवणीतली आहेत आणि ती मुद्दाम परत परत येतात. शाळेच्या वाटेवरचा डोह, शेजाऱ्यांची घरं, खोल काळी खाण, रेल्वेचा पूल, मग चढ, दुकान, शाळा. काही वाचक विचारतात की संपादकाने ही पुनरुक्ती का काढली नाही. रोज आईचा हात धरून ज्या वाटेने गेलो ती वाट एकदाच सांगून कशी संपेल? जपमाळेचे मणी ओढावेत तशी ती नावं ओढली जातात.

९. पुस्तकात मिस्सा, रोझरी, उपास यांचा सुळसुळाट आहे. बाहेरच्या वाचकाला कळेल का?

वसईकडच्या किंवा गोव्यातल्या कॅथलिक घरांतल्या वाचकांना काहीच सांगावं लागणार नाही, उलट त्यांना घरच्यासारखं वाटेल. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. रोझरी म्हणजे मरियामातेची माळेवर म्हणायची प्रार्थना. संध्याकाळी सगळं घर गुडघ्यांवर बसून ती म्हणे. आईच्या घरात ती शांतपणे चाले. बापाच्या घरात तीच रोझरी त्याच्या हुकमतीचं साधन होई. तो सुरुवात करणार, एकेकाने आपापला भाग न चुकता म्हणायचा. प्रार्थना तीच, पण दोन घरांत तिचा अर्थ दोन टोकांचा.

तेव्हाचा आयर्लंड कसा होता हे कळण्यासाठी एवढं पुरे : १९३७ च्या राज्यघटनेत कॅथलिक चर्चचं 'विशेष स्थान' लिहिलेलं होतं, शाळा चर्चच्या हातात होत्या आणि शाळेत मारणं १९८२ पर्यंत चालू होतं. हे सगळं सोसूनही मॅकगॅहर्न चर्चवर आग पाखडत नाहीत. श्रद्धा पुढे गळून गेली, पण रंग, सुगंध, संगीत, विधींचा भारदस्तपणा, या गोष्टी त्या ओसाड मुलखात फक्त चर्चमध्येच मिळत होत्या आणि त्याबद्दल ते कृतज्ञ आहेत. नोकरी कुणी घालवली हे माहीत असल्यावर (प्रश्न १२) ही कृतज्ञता जास्तच नवलाची वाटते.

१०. तो धर्मगुरू होणार होता ना? वचन मोडलं का?

आईची इच्छा होती की शॉनने धर्मगुरू व्हावं, तिच्यासाठी मिस्सा म्हणावी आणि दोघांनी एका घरात राहावं. पोराने तिला तसा शब्द दिला होता. तो पाळला गेला नाही. त्याने कॅरिक-ऑन-शॅननला प्रेझेंटेशन ब्रदर्सच्या शाळेत शिक्षण घेतलं, मग डब्लिनला सेंट पॅट्रिक्स कॉलेजमधून शिक्षक झाला, म्हणजे आईच्याच वाटेने गेला. धर्मगुरूपद नाही तर निदान मास्तरकी, अशी ती तडजोड होती. आणि मग पुस्तकं. मरताना आईला दिलेल्या शब्दाची टोचणी किती खोल असते ते कादंबऱ्यांमध्येही दिसतं, त्यासाठी प्रश्न १३ पाहा.

११. असल्या घरात त्याला वाचायला कुठून मिळालं?

शेजाऱ्यांकडून. कूटहॉलजवळ मरोनी नावाचे बाप-लेक राहत. प्रोटेस्टंट, एके काळचे सुखवस्तू, आता घर पडायला आलेलं. म्हातारे मधमाश्या पाळत. घरात एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांनी भरलेली खोली होती. शॉनला तिथे मोकळीक मिळाली. पिशवीभर पुस्तकं न्यायची, वाचून झाली की परत आणायची, दुसरी न्यायची. कुणी विचारत नसे काय वाचतोस, का वाचतोस.

या भागात पुस्तकाचा श्वास मोकळा होतो. मुलगा ओकपोर्टच्या तळ्यावर बोट घेऊन जातो, वल्ही आत घेतो आणि बोट वाहील तिकडे वाहू देऊन वाचत पडतो. अशाच एका दिवशी त्याच्या मनात येतं की एकाच जन्मात धर्मगुरू, सैनिक, खलाशी असं सगळं व्हायचं तर लेखक व्हावं. बापाला हे वाचनाचं वेड खपत नसे, तरी त्याने मरोनींकडे जाणं बंद केलं नाही. वरच्या दर्जाच्या प्रोटेस्टंट माणसांबद्दल त्याला मनातून आदर होता. बापाचा हा दिखाऊपणा मुलाच्या असा कामी आला.

१२. बंदी आलेलं पुस्तक हेच का?

नाही. हे पुस्तक आलं तोपर्यंत मॅकगॅहर्न देशाचे मानाचे लेखक झाले होते. बंदी आली ती १९६५ च्या 'द डार्क' या दुसऱ्या कादंबरीवर. मारकुट्या बापाच्या घरात वाढणाऱ्या मुलाची ती कथा होती. १९२९ च्या कायद्याने आलेल्या सेन्सॉर मंडळाने ती अडवली. तेव्हा ते डब्लिनच्या क्लोंटार्फ भागातल्या शाळेत मास्तर होते. रजेवरून परतले तर वर्गात जाऊ देईनात. डब्लिनचे कॅथलिक आर्चबिशप मॅक्वेड यांच्या आदेशावरून नोकरी गेली. त्यातच त्यांनी फिनलंडच्या एका नाट्यदिग्दर्शिकेशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं होतं. चर्चच्या लेखी ते लग्नच नव्हतं.

शिक्षक संघटनेकडे गेले तर तिथेही पाठिंबा नाही. बंदीचं एक वेळ समजू शकतो, पण नवऱ्यासाठी आसुसलेल्या आयरिश मुली देशात ढिगाने असताना परदेशी बाई कशाला केलीस, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. हा प्रसंग 'मेमॉयर'मध्ये आहे आणि लेखक तो खुसखुशीत करून सांगतो. १९६७ मध्ये कायदा बदलला आणि बंदीची मुदत बारा वर्षांवर आली. त्यामुळे हजारो जुनी पुस्तकं एकदम सुटली. नोकरी मात्र परत मिळाली नाही. मॅकगॅहर्न इंग्लंडला गेले आणि बरीच वर्षं बाहेर काढून १९७४ मध्ये लीट्रिमला परतले, फेनाजवळ तळ्याकाठी थोडी जमीन घेऊन राहिले.

१३. आधी कादंबऱ्या वाचाव्यात की हे?

माझं मत स्पष्ट आहे : निदान एक कादंबरी आधी वाचा. 'मेमॉयर' आधी वाचलंत तर कादंबऱ्यांमध्ये 'हे खरं कुठलं' एवढंच शोधत बसाल.

आयुष्यातल्या त्याच त्या गोष्टी मॅकगॅहर्न यांनी पुन्हा पुन्हा लिहिल्या. 'द बॅरेक्स' (१९६३) मध्ये ठाण्यात राहणारी, कॅन्सर झालेली बाई आहे, पण ती सार्जंटची दुसरी बायको. 'द लीव्हटेकिंग' (१९७४) मध्ये आईचं मरण आणि शिक्षकाची नोकरी जाणं दोन्ही येतं. 'अमंग्स्ट विमेन' (१९९०, बुकरच्या अंतिम यादीत) मधला मोरन हा स्वातंत्र्ययुद्धातला जुना लढवय्या, रोज रोझरी म्हणवून घेणारा, मुलींना धाकात ठेवणारा. तो लेखकाचाच बाप असं सर्रास म्हटलं जातं आणि इथे थोडं थांबायला हवं. मोरनला एक भव्यता आहे. त्याच्या मुलींना त्याच्याजवळ परतावंसं वाटतं, आणि वाचकालाही तो आवडून जातो. 'मेमॉयर'मधल्या सार्जंटच्या वाट्याला ही भव्यता येत नाही. कादंबरीकाराने बापाला जे दिलं ते मुलाने दिलेलं नाही. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली की हे फार लख्ख दिसतं.

सुरुवात 'अमंग्स्ट विमेन'पासून करावी.

१४. हे 'अँजेलाज ॲशेस'सारखं आहे का?

दुःखी आयरिश बालपण एवढंच साम्य. फ्रँक मॅकोर्ट यांचं ते पुस्तक (१९९६) लिमरिक शहरातल्या गल्लीबोळातलं, दारुड्या बापाचं आणि खऱ्या उपासमारीचं आहे. सांगण्याची तऱ्हा नकलाकाराची, रडवता रडवता हसवणारी. मॅकगॅहर्न यांचा बाप दारुडा नाही, घर उपाशी नाही आणि लेखक तुम्हाला ना हसवायला बसलाय ना रडवायला. 'अँजेलाज ॲशेस' आवडलं म्हणून हे घेणाऱ्यांची पहिल्या पन्नास पानांत निराशा होते, कारण तिथे झुडपं आणि रस्तेच फार. तेवढं नेट धरून पार करावं.

१५. मराठीतल्या कुठल्या पुस्तकाशी तुलना होईल? 'झोंबी'? 'श्यामची आई'?

दोन्ही नावं वाचकांच्या पत्रांतून येतात. आनंद यादवांच्या 'झोंबी'त (१९८७) कागलचा पोरगा शिक्षणासाठी बापाशी झगडतो. मारझोड आणि शेतात राबणं दोन्हीकडे आहे. पण यादवांच्या बापाला पोर शाळेत गेलं तर शेताला हात कमी पडतो. त्याच्या कठोरपणाला दारिद्र्याचं कारण आहे. सार्जंटला ती सबब नाही (प्रश्न ४).

'श्यामची आई'ची आठवण आईवरच्या निष्ठेमुळे होते हे खरं. पण मॅकगॅहर्न यांची आई काही शिकवत नाही. ती बरोबर चालते, फुलांची नावं सांगते, दमते, घाबरते. तिच्याकडून घ्यायचा धडा असा पुस्तकात कुठेच काढलेला नाही.

१६. वाचताना फार त्रास होईल का? शाळकरी मुलांना द्यावं का?

मारहाणीचे प्रसंग बरेच आहेत. बापाच्या अंथरुणात झोपावं लागण्याबद्दलचा एक भाग अंगावर येतो. लेखक त्याचा पसारा मांडत नाही, पण जे आहे ते स्वच्छ कळतं. आईच्या आजारपणाची पानं, ज्यांनी घरात कॅन्सर पाहिला आहे त्यांना जड जातील. शाळकरी मुलांना मी देणार नाही. कॉलेजात गेलेल्याला खुशाल द्या.

१७. लेखकाचा जन्म तर डब्लिनचा आहे. मग खेड्यातलं बालपण कसं?

जन्म डब्लिनचा, १२ नोव्हेंबर १९३४. पण वाढला सगळा लीट्रिम-रोसकॉमनमध्ये. विश्वकोशातली जन्मस्थळाची ओळ पाहून हा वाद निघतो, त्यात तथ्य नाही.

१८. मेलेल्या बापावर असं लिहिणं म्हणजे सूड नाही का?

सूड उगवायचा असता तर तिशीतच उगवला असता. हे पुस्तक लिहिलं तेव्हा बाप जाऊन कित्येक वर्षं झाली होती, लेखक सत्तरीत आणि स्वतः कॅन्सरने आजारी. शिवाय बापाच्या चांगल्या घटकाही लेखक गाळत नाही. बोटीतली मासेमारी, एखादा दिवस अचानक सगळं घर आनंदात. मुलं अशा दिवसांवर फार विश्वास ठेवत नसत एवढंच. भावंडांनी एकमेकांना कसं सांभाळलं, बापासमोर न बोलता आपसांत कशा खुणा ठरवल्या, हेही इथे आहे. मला वाटतं बापाचा धाक ओसरतो तो या भावंडांच्या एकीपुढे, आणि त्या भागाकडे समीक्षकांचं पुरेसं लक्ष गेलेलं नाही.

मुळात पुस्तक बापाचं नाहीच. पानं त्याने जास्त अडवली आहेत, पण सुरुवात आणि शेवट आईचा आहे.

१९. ती ठिकाणं पाहता येतात का?

येतात. डब्लिन-स्लायगो रेल्वेने कॅरिक-ऑन-शॅननला उतरायचं आणि पुढे गाडी भाड्याने घ्यायची, कारण आतल्या गावांना बस बेताचीच. पुस्तकात मुलं ज्या छोट्या रुळांच्या गाडीने फिरतात ती कॅव्हन-लीट्रिम रेल्वे १९५९ मध्ये बंद झाली. बॅलिनामोरमधून आता शॅनन-अर्न जलमार्ग जातो. ऑगाविलनच्या सेंट पॅट्रिक्स चर्चच्या आवारात आईची कबर आहे आणि लेखकाला तिच्याजवळच कॅथलिक रीतीने पुरलं. ओल्या मोसमात जात असाल तर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घ्या. प्रश्न ३ मधली जमीन अजून तशीच आहे.

२०. आयरिश खेड्यातल्या बालपणाची आणखी कुठली पुस्तकं?

कवी पॅट्रिक कॅव्हनॉ यांचं 'द ग्रीन फूल' (१९३८) मोनॅहनच्या शेतकरी घराचं आहे. त्यातल्या एका ओळीवरून ऑलिव्हर सेंट जॉन गोगार्टी या लेखकाने अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि जिंकला. पॅट्रिक मॅकगिल यांचं 'चिल्ड्रन ऑफ द डेड एंड' (१९१४) आत्मचरित्रात्मक कादंबरी आहे. डोनेगॉलच्या पोरांना बाजारात उभं करून सालगडी म्हणून कसं देत, ते त्यात वाचायला मिळतं. गरिबीचा दाह हवा असेल तर हे घ्या. त्याउलट ॲलिस टेलर यांचं 'टू स्कूल थ्रू द फील्ड्स' (१९८८) कॉर्कमधल्या सुखी शेतघराचं. 'मेमॉयर'नंतर लगेच वाचलं तर फारच गोड लागेल, मध्ये थोडे दिवस जाऊ द्या.

२१. यावर चित्रपट आहे का?

'मेमॉयर'वर नाही. 'अमंग्स्ट विमेन'वर १९९८ मध्ये बीबीसीची मालिका आली होती. शेवटच्या कादंबरीवर, 'दॅट दे मे फेस द रायझिंग सन' (२००२), पॅट कॉलिन्स यांनी २०२३ मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला. त्यात बाप नाही आणि ठाणंही नाही. तळ्याकाठी परत येऊन राहिलेलं जोडपं आणि त्यांचे शेजारी आहेत. तळी, कुंपणं आणि रस्ते प्रत्यक्ष कसे दिसतात हे पाहायचं असेल तर त्यासाठी तो पुरेसा आहे.